जार पडेपर्यंत

गुरांचं डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला गाव पहिल्या दिवसापासून डॉक्टर समजतं. कॉलेज सुरू होऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, बैलाच्या पायातली हाडं पाठ करता करता जीव मेटाकुटीला आला होता, आणि इकडे आमच्या अवसरीहून मोबाइलवर शेणाचे फोटो यायला लागले होते. भावकीतल्या एका काकांनी मान वाकडी झालेल्या कोंबडीचा व्हिडिओ पाठवला आणि औषध विचारलं. मी लिहिलं, काका, आम्हाला अजून फक्त मेलेल्या जनावरांचं शिकवतात. त्यांचं उत्तर आलं, मग थांबतो दोन दिवस.

आईला मात्र माझ्या डॉक्टरकीचं असं काही वाटत नव्हतं. वडील चाकणला कंपनीत पाळीवर जायचे, त्यामुळे गोठा पहिल्यापासून आईचाच. पाच गायी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला कॅन, मधल्या वेळात शेत. शाळा चौथीपर्यंत. सुट्टीला घरी गेले की माझ्या अंगाला फॉर्मलिनचा वास येतो म्हणून ती मला आधी न्हाणीत पिटाळायची आणि मग परीक्षा घ्यायची. गोठ्यात उभं करून विचारायची, ही काळी माजावर कधी येईल सांग. मी एकवीस दिवसांचा हिशेब घालायचे. ती गाईच्या डोळ्यांत बघून म्हणायची, उद्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काळी हंबरून आळी डोक्यावर घ्यायची. मला राग यायचा. मी रागीट आहेच, आणि आईपुढे हरायचं म्हणजे जरा जास्तच.

आमच्या पाच गायींत एक तांबडी होती. दूध बेताचं, पण स्वभावानं फार गरीब. लहान मुलानं शेपूट ओढलं तरी लाथ उचलायची नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत ती व्याली. कालवड झाली, तिच्यासारखीच तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. चौथ्या दिवशी कालवडीला हगवण लागली आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. आईनं तिला चिंचेखाली पुरलं, हातपाय धुतले आणि धारा काढायला बसली. दोन दिवस ती नीट जेवली नाही. त्याच्या आदल्या वेतालाही तांबडीचं वासरू जगलं नव्हतं. आई म्हणाली, पुढचं टिकलं तर ठीक, नाहीतर हिला बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारी धाडू. म्हणताना ती तांबडीकडं बघत नव्हती.

दुसऱ्या वर्षी वासरांच्या संगोपनावर तास होता. सर सांगत होते, वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी झगडायला त्याच्या अंगात काहीच नसतं. ते सगळं आईच्या पहिल्या दुधात, चिकात असतं, आणि ते अंगी लागायला आतड्याची दारं काही तासच उघडी असतात. म्हणून पहिला चीक तासाभरात पोटात गेला पाहिजे. मग ते हसत म्हणाले की तुमच्या गावांकडं काय करतात माहिती आहे ना, जार पडेपर्यंत वासराला तोंड लावू देत नाहीत. जार म्हणजे वासरामागून पडणारं ते आवरण. पुस्तकात त्याला वार म्हणतात. सगळा वर्ग हसला. मीही हसले. हसता हसता मला आमचा गोठा दिसला आणि दात तसेच उघडे राहिले.

कारण आमच्याकडं अगदी हेच चालायचं. गाय व्याली की आई वासराचं नाकतोंड पुसायची, खुरांचे मऊ पापुद्रे खुडायची, गाईला बाजरीचा घाटा गूळ घालून द्यायची, आणि मग वाट बघायची. जार पडायच्या आधी कासेला हात लावला तर जार वर चढतो, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. जार कधी दोन तासांत पडायचा, कधी आठ. तोवर कुणीतरी राखायला बसायचं, कारण गाय तो स्वतः खाते नाहीतर कुत्रं ओढतं. जार पडला, पुरला, की मग धार. त्यातला थोडा चीक वासराला आणि उरलेला खरवसासाठी आळीत. चार घरी भांडी जायची, आणि रिकामं भांडं कुणी परत द्यायचं नाही, तळाशी चिमूटभर साखर तरी असायचीच. मला ते सगळं फार आवडायचं. लहानपणी भांडी पोचवायचं काम माझंच होतं.

त्या तासानंतर मी वहीत 'चीक' या शब्दाखाली तीन रेघा मारल्या आणि सुट्टीची वाट बघू लागले. तांबडी पुन्हा गाभण होती. तिचे दिवस माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच भरणार होते.

घरी गेल्यावर मी आईला लगेच काही बोलले नाही. कुठल्या वेळी काय बोलावं एवढी अक्कल मला होती असा माझा समज होता. तांबडी सकाळी दहाच्या सुमारास व्याली, कसलाही त्रास न देता. पुन्हा कालवडच. आई इतकी खूश झाली की तिनं हाताला लागलेलं सगळं माझ्या गालाला पुसलं. कालवड अर्ध्या तासात चारी पायांवर उभी राहिली आणि दोनदा पडून तिसऱ्यांदा सावरली. मी म्हटलं, आता पाजू या.

आई म्हणाली, "जार पडू दे."

मी समजावायला सुरुवात केली. समजावायला म्हणजे काय, वहीच वाचायला. आतडी, तास, रोगप्रतिकारशक्ती, सगळं. उलट वासरू चोखायला लागलं की जार लवकर पडतो, हेही सांगितलं. आई खुरं खुडत ऐकत होती. ती म्हणाली की एवढ्या वर्षांत एवढी वासरं वाढवली ती काय कॉलेजात नेऊन वाढवली का. तिचं खरंच होतं, तिची कितीतरी वासरं जगली होती. पण मला वर्गातलं ते हसू आठवलं आणि डोकं फिरलं.

"मागच्या साली तूच मारलंस त्या कालवडीला," मी म्हणाले. "हिलाही मारणार आहेस."

तिचा हात थांबला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण तिनं राहिलेलं चौथं खूर नीट खुडलं, बादलीत हात धुतले, खुंटीवरचा विळा घेतला आणि मका आणते म्हणून निघून गेली. पाठमोऱ्या आईकडं मी बघत राहिले. माफी मागायला तोंड उघडेना, आणि रागही अजून उतरला नव्हता.

मी चूल पेटवून पाणी कोमट केलं, तांबडीची कास धुतली, पुसली, आणि पातेल्यात धार काढली. चीक पिवळाधमक आणि दाट होता. कालवडीला दोन बोटं चोखायला दिली आणि तोच हात पातेल्यात बुडवला. पहिल्यांदा तिनं नाकातून फुरफुर करत अर्धा चीक माझ्या अंगावर उडवला. मग तिला जमलं. तिच्या खरखरीत जिभेनं माझी बोटं अशी ओढली की मला रडू आलं. दीड-दोन लिटर पिऊन ती जमिनीवर बसली आणि पोटाशी मान घालून झोपली.

मग मी जाराची वाट बघू लागले. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. पुस्तकात लिहिलं होतं की बारा तासांपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही. ते वाक्य मला पाठ होतं, तरी तिसऱ्याच तासाला मी दर दहा मिनिटांनी उठून जार बघू लागले. उन्हानं पत्रा तापला होता. तांबडी जार लोंबत ठेवून निवांत रवंथ करत होती. आईचं खरं निघालं तर? जार अडकला, सडला, ताप भरला, दूध गेलं, तर तांबडी बेल्ह्याला जाईल आणि ती माझ्यामुळं जाईल. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क पडले असते. गोठ्यात मला कशाचीच खात्री वाटत नव्हती.

चारच्या सुमारास शेजारची काकू पातेलं घेऊन आली. काकू मनानं चांगली, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिला कास रिकामी दिसली, कालवडीच्या ओठांना लागलेलं पिवळं दिसलं, आणि मागं लोंबणारा जार दिसला.

जार पडायच्या आधी कुणी पाजलं, तिनं विचारलं. मी उत्तर देणार तेवढ्यात मक्याचा भारा डोक्यावर घेऊन आई दारातून आत आली. तिनं भारा टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मीच पाजलं."

काकूनं पातेलं खाली ठेवलं. आई म्हणाली की गेल्या साली वाट बघून काय हाती लागलं, म्हणून औंदा आधी पाजलं. इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग काकूनं उपाय सुचवला. जाराला जुनी चप्पल बांधायची, वजनानं खाली येतो. आळीत सगळे तेच करत. मी म्हटलं, काही बांधायचं नाही आणि ओढायचंही नाही, आत तुटून राहिला तर गाय जाईल. काकूनं आईकडं बघितलं.

"ती म्हन्ती तसंच करू," आई म्हणाली.

आयुष्यात मला मिळालेल्या पदव्यांमध्ये मी ही पहिली धरते. नंतरची कागदावरची आली ती पुष्कळ उशिरा.

आई मग ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटातून वेळूचा पाला तोडून घेऊन आली. जार पडायला वेळूचा पाला घालतात, ही तिची खात्रीची गोष्ट. आमच्या पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नव्हती. मी वहीला आणि जिभेला त्या दिवशी पहिल्यांदा आवर घातला आणि पाला तांबडीपुढं टाकायला आईला मदत केली. सूर्य कलताना तांबडीनं पाठीची कमान केली आणि जार पडला. मी तो काठीनं पसरून पूर्ण आहे का ते बघितलं. आईनं खड्डा खणून मीठ घालून तो पुरला. पाल्यानं पडला, असं तिचं मत. लवकर धार काढल्यानं कासेला पान्हा फुटला म्हणून पडला, असं माझं. दोघींनी आपापलं मत मनात ठेवलं आणि कालवडीला पुन्हा एकदा पाजून उरलेला चीक काकूच्या पातेल्यात ओतला.

मी माफी मात्र मागितली नाही. रोज ठरवायचे, आणि रोज काहीतरी काम निघायचं.

चौथा दिवस उजाडला तेव्हा आई अंधारातच गोठ्यात गेली होती. दिवसभर ती काहीतरी निमित्त काढून येत राहिली, कधी टोपली विसरली म्हणून, कधी दावं तपासायला. शेण बघायची, पोटाला हात लावायची, जायची. तिला वाटत होतं मला कळत नाही. कालवड मात्र संध्याकाळी दावं तोडून अंगणभर उधळली आणि तुळशीच्या कुंडीवर जाऊन आपटली. आईनं कुंडी सरळ केली. हसत होती.

सुट्टी संपल्यावर ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. पिशवी तिच्याच हातात. एसटीला वेळ होता. रस्त्याकडं बघत तिनं विचारलं, "गेल्या सालची माझ्यामुळंच गेली का गं?"

मी म्हटलं, छे गं, हगवणीची शंभर कारणं असतात, पाणी असतं, माशा असतात, कुणाला सांगता येतं. यातलं एकेक सुटं घेतलं तर खरंच होतं.

"खोटं सांगाया शिकिवत्यात का तिकडं?" ती म्हणाली. रागानं नाही. "सांग कवातरी खरं. पन नीट सांग." मग एसटी आली. तिनं पिशवी वर दिली आणि काळजी घे म्हणाली.

इथं एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, जी मी त्या दिवशी सांगितली नाही आणि पुढं तीन वर्षं कुणालाच सांगितली नाही. त्या मागच्या साली, पहिली कालवड जन्मली तेव्हा, जार राखायला मीच बसले होते. आई शेतात होती. कालवड उठून कासेशी जाऊ लागली की मी तिला बाजूला ओढायचे. मग ती माझ्याकडं यायला लागली. माझ्या ओढणीचं टोक तिनं तोंडात धरलं आणि चोखत राहिली. मी तिला ढकललं. ती पुन्हा आली, मी पुन्हा ढकललं. असं सात तास. मला तेव्हा काही माहीत नव्हतं हे खरं आहे. पण वर्गात सर बोलत होते तेव्हा मला आठवला तो माझाच हात. तो हात आठवायला नको म्हणून मी सगळं आईच्या माथी मारलं.

पुढची वर्षं भराभर गेली. हातभर हातमोजा घालून गाभण तपासायला शिकले, टाके घालायला शिकले, म्हशीची लाथ खाऊन आठवडाभर लंगडले. तांबडी बेल्ह्याला गेली नाही. तिची कालवड मोठी झाली, तांबडीपेक्षा दुधाला सरस निघाली आणि स्वभावानं अगदी उलटी, म्हणजे माझ्यासारखी, असं आई म्हणते. आमच्या गोठ्यात आता जारासाठी कुणी वासरू थांबवत नाही. आळीतही बहुतेक घरांनी ते सोडलं. आई फक्त एवढंच सांगते की मी पाजलं आधी, काही झालं नाही. वेळूचा पालाही चालूच आहे.

शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी आम्हाला गावोगाव पाठवत. माझी पाळी जुन्नरच्या पश्चिमेला आली. मढच्या बाजूला एका वाडीत लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचत आम्ही घरोघर फिरत होतो. शेवटच्या घरी एक मावशी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. आत डोंगरी जातीची बुटकी काळी-पांढरी गाय, सकाळीच व्यालेली. जार अजून लोंबत होता. वासरू उभं होतं आणि त्याच्या तोंडाला काथ्याचं मुसकं बांधलेलं होतं, चोखू नये म्हणून.

माझ्या तोंडाशी सगळं आलं. आतडी, तास, तीन रेघा. आता पदवी तोंडावर होती आणि समोरची बाई हातातली लस बघून आधीच जरा बिचकलेली होती. मी बोलले असते तर तिनं मान हलवली असती आणि आम्ही वळताच पुन्हा मुसकं बांधलं असतं. मी लशीची पेटी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. म्हटलं, मावशी, आमच्याकडंही असंच करायचे. आमची एक कालवड त्यात गेली. राखायला मीच बसले होते. ती माझी ओढणी चोखत होती आणि मी तिला ढकलत होते.

हे मी मोठ्यानं पहिल्यांदा बोलले, तेही एका अनोळखी बाईजवळ. मावशीनं माझ्याकडं बघितलं, मग वासराकडं.

"आमची बी दोन गेली," ती म्हणाली, आणि उठून तिनं मुसकं सोडलं.

वासरू धडपडत कासेला लागलं. मी त्याच्या मागं हात धरून उभी राहिले, पडू नये म्हणून. जार पडताना मी तिथं नव्हते, आमची गाडी त्याआधीच निघाली. दुसऱ्या दिवशी कळलं की रात्रीच्या जेवणाआधी पडला होता.

त्या संध्याकाळी ओतूरच्या अलीकडं मोबाइलला रेंज आली तशी मी आईला फोन लावला. ती तांबडीच्या लेकीची धार काढून उठली होती, मागं कॅनचा आवाज येत होता. मी म्हटलं, आई, ती मागची कालवड चीक वेळेत मिळाला नाही म्हणूनच गेली असावी. पण तू नाही, मी बसले होते तिथं. ती माझी ओढणी चोखत होती. मी तुला बोलायला नको होतं.

कॅनचा आवाज थांबला.

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "तुझी वढणी मीच धुतली व्हती. टोक पार चघळल्यालं व्हतं."

म्हणजे त्या दिवशी गोठ्यात मी तिला ते बोलले, तेव्हा तिला हे सगळं माहीत होतं. मला गाडीत सगळ्यांसमोर रडू फुटलं. मी विचारलं, मग तेव्हाच माझं तोंड का बंद केलं नाहीस, मक्याला का निघून गेलीस.

"तवा सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर तू हिला पाजलंच नसतंस."